नाव घेणारं कोणी नव्हतं

“हिला काय अवघड गं? ही तशी पण कुठं बोलते!”

पायथ्याच्या वाडीतल्या शेवटच्या घराच्या ओट्यावर बसून माझ्या चुलतसासूबाई त्या घरातल्या बाईला सांगत होत्या. आवाज हळू करण्याची तसदी त्यांनी घेतली नव्हती. मी चार पावलांवर उभी राहून तांब्याची लहान कळशी भरून घेत होते.

“शिकलेली हाय म्हनं?” त्या बाईने विचारलं.

“इंग्रजी शाळेतली. आमच्याशी बोलून जीभ मळंल ना तिची!”

दोघी हसल्या. मी कळशी कडेवर घेतली. उत्तर द्यावंसं वाटलं असतं तरी आता देता येणार नव्हतं, कारण पाणी भरलं की बोलणं बंद, अशी त्या डोंगराची रीत होती. माथ्यावर देवी आहे. तिला कौल लावायला जाणाऱ्याने वाडीतून पाणी घेऊन निघायचं, वर पोचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही आणि कळशी जमिनीला टेकवायची नाही. तोंड उघडलं किंवा कळशी टेकली, तर परत खाली येऊन नव्याने पाणी भरायचं. वर पुजारी त्याच पाण्यात दोन फुलं भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो. मग प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

माझा प्रश्न एवढाच होता, की माझा नवरा जिवंत आहे का.

ते रेल्वेत तारबाबू होते, तारायंत्रावर खटखट वाजवून निरोप पाठवणारे. दहिवलीच्या शेतकऱ्याच्या घरात इंग्रजी वाचणारा तो पहिला माणूस. माझे वडील रेल्वेत होते, म्हणूनच त्यांनी हे स्थळ पाहिलं. मुंबईच्या शाळेत शिकलेली मुलगी भाताच्या खाचरांमध्ये कशी राहील, हा विचार तेव्हा कोणी केला नाही, कारण आम्ही दोघं रेल्वेच्या चाळीतच राहणार होतो. पण लग्नानंतर वर्षाच्या आत आफ्रिकेत नवी रेल्वे घालायला माणसं हवी होती आणि पगार दुप्पट होता. हे गेले. मी दहिवलीला आले. पत्रं यायची, त्यांत तापाचा उल्लेख असायचा. मग ती बंद झाली. वडिलांनी रेल्वेच्या साहेबाकडून चौकशी केली, तेव्हा कळलं की ते एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामाकडे निघाले होते, पण तिथे पोचल्याची नोंद नाही. त्यानंतर दोन पावसाळे गेले.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, असं सगळे म्हणत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या कोणाला काही म्हणत नव्हत्या. पण त्या भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, कावळ्याला पान ठेवून आत आल्या आणि चुलीपुढे बसल्या त्या उठेचनात. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “सासऱ्याला वाढलं, नवऱ्याला वाढलं. पोराला वाढू का नको?”

दसरा झाल्यावर देवीला विचारायचं ठरलं. माझ्या शाळेतल्या बाईंनी याला काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला बोलावं लागतं.

दिराने बैलगाडीने आम्हाला पायथ्याशी आणून सोडलं आणि तो लगेच परत फिरला. हळवं भात कापणीला आलं होतं आणि माणसं खोळंबली होती. चुलतसासूबाई गुडघ्यांचं कारण सांगून ओट्यावरच बसल्या. वर निघालो त्या मी आणि आत्याबाई.

सुरुवातीची वाट गवतातून होती. गवत डोक्याएवढं वाढून पिवळं पडलं होतं आणि त्यातून चालताना वारा म्हणून लागत नव्हता. आश्विनातलं ऊन पावसाळ्याची भरपाई करत असल्यासारखं तापलं होतं. कुसळं लुगड्याच्या काठात घुसून पोटऱ्यांना टोचत होती, आणि ती काढायला हात मोकळा नव्हता. पायात वहाणा घालायच्या नव्हत्या. कळशी या कडेवरून त्या कडेवर घेताना पाणी हिंदकळून कमरेवर सांडायचं. आधी ते गार वाटलं. नंतर प्रत्येक थेंबाची धास्ती वाटू लागली.

आत्याबाई पुढे होत्या आणि बोलत होत्या; न बोलण्याची रीत फक्त कळशी नेणारीला होती. घरी दिवसदिवस न बोलणारी बाई त्या चढावर धापा टाकत बोलत होती. मला वाटतं, मी उत्तर देऊ शकत नव्हते म्हणूनच.

“लहानपनी तो ह्या डोंगराला लय भ्यायचा. देवी वरून बघते म्हनायचा.” थोडं चालून, “त्याला भात गरम लागायचा. इतका, की माझी बोटं भाजायची वाढताना.”  मग थांबून, माझ्याकडे न वळता, “जिता असंल तर खातच असंल काय ना काय. पन नसंल तर? नसंल तर दोन वरसं उपाशी हाय गं माझा पोरगा. सगळ्यांची पितरं जेवून गेली. तो दारात उभा राहून गेला असंल तर?”

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि चालताना त्या कळशीवर वाजत होत्या. डावं फूल पडलं तर त्या घरी जाऊन फोडायच्या होत्या. ही गोष्ट निघाल्यापासून आमच्यापैकी कोणी काढली नव्हती.

गवत संपलं आणि दगड सुरू झाला. माथा म्हणून मी जे खालून बघत होते ते निव्वळ एक टेपाड होतं. खरा माथा त्याच्या मागे, आणखी तेवढाच उंच, काळा आणि उघडा उभा होता. तो दिसला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा वाटेत मधेच रडले, आणि तेही आवाज न करता, कारण रडण्याचा आवाज बोलण्यात धरतात की नाही हे मी विचारून घेतलं नव्हतं.

एका ठिकाणी वाट कड्याच्या पोटातून आडवी जात होती. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आत्याबाई दगडाला छाती लावून बाजूबाजूने सरकल्या. मला तसं करता येईना, मधे कळशी होती. मी पाठ दगडाला लावून, तोंड दरीकडे करून सरकले. खाली कर्जतचं स्टेशन काडेपेटीएवढं दिसत होतं. घाटात चढणारी गाडी धूर सोडत होती आणि तिची शिटी फार उशिरा वर पोचत होती. त्या रुळांच्या कडेने तारेचे खांब असणार. ते इतक्या वरून दिसत नव्हते.

त्याच्या पुढच्या पायऱ्या फुटलेल्या होत्या. एकीवर माझा पाय सरकला आणि गुडघा दगडावर आपटला. मी खाली पडले, पण कळशी छातीशी धरली होती, ती टेकली नाही. आत्याबाई वळून आधी कळशीकडे बघून घेतात आणि मग माझ्याकडे, हे मला दिसलं. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

शेवटच्या चढावर त्यांचा दम संपला. त्या एका दगडाला टेकून बसल्या. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी कळशीकडे पाहिलं आणि मान फिरवली. ते पाणी त्यांना देता येणार नव्हतं. आपण परत फिरूया, हे मला म्हणता येणार नव्हतं. मी त्यांच्या शेजारी उभी राहून माझ्या पदराचा ओला भाग त्यांच्या तोंडाला लावला, एवढंच.

“पुढच्या वरसाला मला हे जमायचं नाय,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

माथ्यावर देऊळ असं काही नव्हतं. एका वाकड्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, त्याला कोरलेले डोळे आणि खांदे. पुजारी डोंगरावरच्या वाडीतला म्हातारा होता. तो झाडाखाली झोपला होता आणि उठवल्याबद्दल थोडा रागावला. त्याने कळशीत डोकावून पाहिलं, “सांडलं लय,” म्हणाला, आणि सोनकीची दोन पिवळी फुलं बुडवून देवीच्या खांद्यांना चिकटवली.

“हं. कुनासाठी? नाव सांगा.”

आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, “माझा थोरला.”

“देवीला थोरले लय. नाव?”

“दहिवलीचा.”

“दहिवलीत एकच थोरला हाय का, बाय?”

“तारेवर होता. आफ्रिकेला गेला.”

“ही आफ्रिका कुठं आली? कल्यानच्या पल्याड?”

“बोटीनं जात्यात.”

“मंग तर नाव पायजेच. इतक्या लांब देवी कुनाला हुडकत बसंल?”

तेव्हा मला कळलं की आम्ही काय करून बसलो होतो. थोरल्या मुलाचं नाव आई घेत नाही, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणून. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचा विचारच केला नव्हता. नाव घेऊ शकणाऱ्या चुलतसासूबाई गुडघे धरून पायथ्याशी बसल्या होत्या, आणि माझ्या दिराला आम्ही भात कापायला परत पाठवलं होतं.

आत्याबाईंनी आलो त्या वाटेकडे वळून पाहिलं. खाली जाऊन त्याला आणायचं म्हणजे तो दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्या चढू शकल्या नसत्या.

लग्नानंतर यांनी मला एक गंमत शिकवली होती. मला हाक मारता येत नाही म्हणून, तारेवर त्यांचं नाव जसं वाजतं तसं बोटाने वाजवायचं. मी ते चाळीच्या दारावर वाजवायची आणि ते आतून हसत यायचे. मी कळशीवर नखाने तसं वाजवलं.

“देवीला वाजवून नाय कळत,” पुजारी म्हणाला. “तोंड उघड, पोरी. जिनं पानी आनलं तिनंच विचारायचं, आन काय पडलं ते पन तिनंच सांगायचं. मी बघत नाय. मागं एकानं म्हटलं, म्हाताऱ्यानं फुलाला फुंकर मारली. तवापासनं मी बघत नाय.” आणि तो आमच्याकडे पाठ करून बसला.

आत्याबाईंनी कपाळ जमिनीला टेकलं. ऐकू येऊ नये म्हणून पदर पुढे ओढून कान झाकून घेतले. मुलगा जिवंत असलाच तर त्याचं आयुष्य माझ्या तोंडून कमी होऊ नये, किंवा झालं तर ते त्यांनी ऐकू नये.

मी नाव घेतलं. ते मी इथेही लिहिणार नाही. इतका वेळ बंद असलेल्या घशातून ते फाटकं निघालं, आणि मला ते कोण्या परक्याचं वाटलं. मग विचारलं, आहेत का?

काही झालं नाही. फुलं ओली होती, दगड गार होता. मला वाटलं, ती चिकटूनच राहावीत. बारा वर्षं राहावीत. मग दरीतून वाऱ्याची झुळूक आली, झाडाची पानं हलली आणि डावं फूल सुटून खाली पडलं. वाऱ्याने पडलं. तो त्या बाजूने आला होता. मी बघितलं. उलट्या बाजूने आला असता तर उजवं पडलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं.

बघणारी मी एकटी होते. फूल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायला एक क्षण पुरला असता. कोणी फसलं असतं असंही नाही, कारण मुळात मला ते खरं वाटत नव्हतं. बांगड्या राहिल्या असत्या. ओट्यावरच्या बायकांपुढून मी मान वर करून गेले असते. आणि पुढच्या भाद्रपदात आत्याबाई पुन्हा चुलीपुढे बसल्या असत्या.

त्यांनी मान वर केली नाही. मातीतच तोंड असताना त्यांनी विचारलं, “काय पडलं गं?”

 पुजारी खोकला. खाली कुठेतरी गाडीची शिटी झाली.

“सूनबाई, बोल ना गं. काय पडलं?”

मी त्यांच्याजवळ खाली बसले. कळशी अजून माझ्या कडेवर होती. ती मी जमिनीवर ठेवली.

“डावं पडलं, आत्याबाई. घरी जाऊन गरम भात करू. त्यांचं पान वाढू.”