खारबावचा दयाळ आणि परत करायचे टाळ

माघातल्या एका रविवारी सकाळी पूजा आटोपून मी टाळ पुसले, पंच्यात गुंडाळले आणि स्कूटरच्या डिकीत ठेवले. ते खारबावला आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना परत करायचे होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातली गाठ काढली तेव्हापासून आवाज घोगरा झाला. जखम भरलीय, पण आवाज नव्याने बसवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पन्नाशीत काय बसवणार? मी टाळ वाजवत नुसते ओठ हलवायचो. देवापुढे हे खोटं नकोसं झालं होतं.

घरून, पूर्ण्याहून निघालो तेव्हा रविवार असूनही गोदामांपुढे कंटेनरची रांग होती. अंजूरफाट्याला चहा आणि वडापाव घेतला. पुढे खड्डे आहेत. दुचाकीवाल्यांनी कंटेनरच्या मागे राहू नये, धुळीत काही दिसत नाही. रेल्वेनेही जाता येतं, पण गाड्या मोजक्या, वेळ आधी बघून ठेवा.

बुवा घरामागच्या वालाच्या शेतात होते. त्यांची मुलगी सुनीता शाळेत विज्ञान शिकवते. ती आंब्याखाली उभी होती. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

वर फांदीवर काळापांढरा दयाळ पक्षी बसला होता. चोच जवळजवळ मिटलेली, गळा तेवढा हलत होता. ऐकू येत होतं ते गाणं नव्हे, पुटपुटणं.

"आजारी आहे का गं?"

"नाही काका, रियाज चाललाय. थंडीभर गप्प होता. आता दिवस मोठा होतोय."

तिने सांगितलं ते असं. ऋतूप्रमाणे गाणाऱ्या काही पक्ष्यांच्या मेंदूत गाण्याचा जो भाग असतो, तो हंगाम संपला की आक्रसतो आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा वाढतो. कॅनरी तर मोठेपणीही दरवर्षी काही जुने स्वर टाकतो, काही नवे शिकतो.

"आणि हा दयाळ?"

"याचा मेंदू कुणी तपासलाय का, मला ठाऊक नाही. पण दरवर्षी असाच पुटपुटत सुरू करतो."

बुवा शेतातून आले तसे मी डिकीतले टाळ काढून त्यांच्यापुढे धरले. ते घेईनात.

"दोन वर्सं तुजे व्हट बघतंय. मना काय दिसत न्हाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हनून." त्यांनी वर दयाळाकडे बोट केलं. "त्याला पुटपुटाची लाज न्हाय. तुलाच हाय. टाळ ठेव डिकीत, नि जेवून जा."

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. ज्यांना दयाळ ऐकायचा आहे त्यांनी सकाळी लवकर जावं आणि डबा न्यावा. दुर्बीण लागत नाही.

घरी आल्यावर टाळ देव्हाऱ्याशेजारी ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ड्युटीआधी गच्चीवर तोंड मिटून गुणगुणू लागलो. शेजारच्या गच्चीवरून कापडाच्या लूमवर काम करणारा शेजारी म्हणाला, "भाईसाब, गाड़ी स्टार्ट नहीं हो रही क्या?"

"ठंडी है," मी म्हटलं.

महिन्याभराने कळलं, जुनी उंच पट्टी परत येणार नाही. खालचा एक सूर मात्र टिकतो. त्यावरच अभंग पुन्हा बसवला.

चैत्रातल्या एकादशीला संध्याकाळी मंडळ देवळात बसलं. बुवांनी न विचारता पेटीची पट्टी उतरवली. मी टाळ खाली ठेवले आणि पहिलं कडवं एकट्याने म्हटलं. दुसऱ्या ओळीत आवाज चिरकला. तरी कडवं पूर्ण केलं.