फाटकं केळीचं पान

मुलांनो, कुसुमआजी गेल्याचं तुम्हाला फोनवर कळवलं, त्याला सहा आठवडे झाले. परवा जळगावला तिचं कपाट आवरायला गेले, आणि रडू यायच्या ऐवजी मला संतापच आला. डब्यात डबे, पुडीत पुड्या, आणि एकावरही चिठ्ठी नाही! धाकट्या बहिणीला मी जन्मभर हेच सांगत आले होते...

आमचे वडील, नाना, जळगावचे सोनार. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास कुसुम दागिन्यांची रचना शिकायला बडोद्याला विद्यापीठात गेली. शेजारचे दुकानदार हसत, "सोनारनी पोर सोनारकी शिकाले कॉलेजमा चालनी!" नाना हसत नसत; पण ती तिथे नेमकं काय शिकते, हे त्यांना उमगलंही नव्हतं.

शेवटच्या परीक्षेसाठी तिने चांदीचा हार केला. रावेरच्या मळ्यात वाऱ्याने चिरफाळलेलं केळीचं पान असतं ना, हुबेहूब तसा. परीक्षेला दहा दिवस उरले असताना तो नानांकडून उजळून घ्यायला ती घरी आली, दुकानातल्या एका ताटलीत ठेवला आणि कुणाला काही न सांगता मला भेटायला माझ्या सासरी धुळ्याला! ती ताटली मोडीची. गिऱ्हाइकांचे तुटके दागिने वितळवण्यासाठी तिच्यात पडत.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीही जळगावला आले. हार कुठे विचारल्यावर नाना गोंधळले. "तुटेल व्हतं ना ते... बठ्ठं मुशीमा टाकी दिन्हं." सगळ्या मोडीबरोबर हारही वितळून गेला होता.

"चिठ्ठी का नाही लावलीस?" मी कुसुमवर ओरडले.

"अक्का, मला वाटलं नानांना दिसेल," ती म्हणाली. "दागिना आहे ते."

नानांनी आपली फुंकणी तिच्यापुढे ठेवली. "कर परत. मी शे ना."

आठवडाभर बापलेक शेजारी बसून राबली. जेवणाच्या वेळा मी ठरवायच्या, त्यांनी मोडायच्या. हार झाला, आणि शेवटचा हात फिरवताना नानांनी पानाची एक चीर चांदीचा जोड देऊन, सुबकपणे झाळून बंद केली!

"काप ती. गुण जातील," मी कुसुमला म्हटलं.

"राहू दे गं."

गुण गेलेच. एकच चीर बंद का, असं परीक्षकांनी विचारलं, तर "ती माझ्या वडिलांनी केली" एवढंच बाईसाहेबांनी सांगितलं! दुसरा वर्ग मिळाला. पुढे प्रत्येक लग्नात गळ्यात तोच हार, आणि "तुटला का हो?" म्हणणाऱ्यांच्या पानात ती जिलबी वाढून पुढे जाई.

परवा तो सर्वांत खालच्या डब्यात सापडला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. नानांचा तो जोड बोटाला अजून लागतो. हार तुम्हाला पाठवते आहे. डब्यावर माझ्या हाताने चिठ्ठी लावली आहे, ती काढू नका:

"मोड नाही. वितळवू नये."