गाडी डावीकडे ओढते

गाडीची चाकं सरळ आहेत का ते दोरी ताणून बघायला एकच डोळा लागतो, म्हणून हे काम आमच्या घरात माझ्याकडे, असं आप्पा चारचौघांत सांगायचे. मी तिरळी आहे. शाळेतल्या पोरांनी मला जेवढं चिडवलं नाही तेवढं सख्ख्या बापाने चिडवलं. नावाने हाक नाहीच. 'चकणे' म्हणायचे, कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं.

आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं वाशीच्या मार्केटात गोणी वाहण्यात घालवली. काम सुटलं तरी रोज सकाळी मोटारसायकल काढून तिथेच जायचे, जुन्या हमालांत बसून चहा प्यायचे. दुसरं काही त्यांना नव्हतंच. मग गाडी डावीकडे ओढायला लागली. एकदा आईला मागे बसवून सर्व्हिस रोडच्या फुटपाथला घासले. आईचा गुडघा फुटला. तिने निकाल देऊन टाकला.

"रविवारी पोरगी गाडी बघंल. गाडीत खोट निघाली तर नीट करा. न्हाय निघाली तर खोट तुमच्यात हाय. मग गाडी विकायची."

"खोट गाडीतच हाय," आप्पा म्हणाले.

रविवारी पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर घेतली. गोण्या शिवायची सुतळी आप्पांकडे ढिगाने. मागच्या चाकाला मागून वेढा दिला, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापलीकडे नेली आणि विटांना बांधून ताणली. सुतळी मागच्या टायरला नुसती टेकायला हवी आणि पुढच्या चाकापाशी दोन्हीकडे सारखी फट दिसायला हवी. मी फरशीवर आडवी झाले आणि एक डोळा मिटला.

"चकणीला दोन सुतळ्या चार दिसत असतील," आप्पा वॉचमनला म्हणाले. वॉचमन हसला.

मागचं चाक खरंच जरासं तिरपं होतं. आप्पांचा चेहरा खुलला. "बघ, म्हनलो नव्हतो?" मी नट सैल केला, चेन ताणायचा बोल्ट एका बाजूने थोडा थोडा आवळत नेला आणि पट्टीने फटी मोजल्या. सारख्या झाल्या. आप्पा चक्कर मारून आले.

"अजून ओढतीया."

पुन्हा सुतळी, पुन्हा पट्टी. फटी सारख्याच. पुन्हा चक्कर.

"तुझा डोळाच वाकडा, चाक कुठनं सरळ हुणार!"

"नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणून मी किल्ली हिसकावली आणि मागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी काढली. तिथे हँडल सोडून दिलं. गाडी नाकासमोर गेली.

परत येताना ते गेटपाशी उभे दिसले. उजवा खांदा वर, कंबर डावीकडे कललेली. जन्मभर गोणी एकाच खांद्यावर. रोज डोळ्यांसमोर असून घरात कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"आप्पा, सरळ उभे राहा बघू."

"उभाच हाय की."

"नाही. सरळ."

ते सरळ व्हायला गेले आणि त्यांना होता आलं नाही. वॉचमन पुन्हा हसला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जिन्यात त्यांनी माझा हात धरला. "बाळा, आईला सांग, चाक वाकडं हाय म्हणून. फ्रेम गेलीय म्हण. हळूहळू नीट करू म्हण." उभ्या जन्मात त्यांनी मला बाळा म्हटलं नव्हतं. मी मुद्दाम गप्प राहिले. त्यांनी आणखी एकदा म्हटलं.

आई दारातच उभी होती.

"गाडी सरळ आहे," मी म्हणाले.

आठवड्याभरात सीवूड्सचा एक माणूस ती घेऊन गेला. गेटबाहेर पडताच त्याने हँडलवरचे दोन्ही हात काढून बघितलं. गाडी तशीच सरळ गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत आप्पा बघत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चकणे, ती सुतळी गुंडाळून ठेव."