उलट्या नकाशाचं नाणं

"अंगठा! ओ कंडक्टर, अंगठा काढा त्येच्यावरनं! कडंला धरा, कडंला! भाकरीचा तुकडा हाय व्हय त्यो?"

चाचा एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या चौघांनी हातातले कप कडेला धरले. शपथेवर सांगतो. मी दचकून नाणं सोडलं, ते ऐरणीखाली गेलं आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोन म्हातारे गुडघ्यांवर रांगत होतो. सापडल्यावर चाचांनी ते सुती फडक्यानं पुसलं, भिंगाखाली धरलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"तुमच्या बोटाचा घाम त्येच्यावर ऱ्हातो. उद्या त्योच घाम तुमी चूक म्हणून मला दावायला आणणार."

चाचा ठसे कापतात. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक ज्या पोलादी ठशावर पत्रा ठोकून उठवतात, ते ठसे. खंडोबा, जोतिबा, अंबाबाई, सगळे देव ते उलटे कोरतात, तेव्हा कुठं पत्र्यावर सुलटे उठतात. उलटं बघायची एवढी सवय झालीय की रोजचा पेपरसुद्धा ते आरशात धरून वाचतात, असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही. पण नाणं कसं पडतं, ठसा कसा मारतात, कुठं चुकतं, हे कोल्हापुरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, हे खरं आहे.

मी लाल गाडीवर तीस वर्षं कंडक्टर होतो. माझ्या हातातनं गेलेली नाणी रचली असती तर जोतिबाच्या डोंगरावर सावली पडली असती. पण त्यातलं एकही मी कधी बघितलं नव्हतं. नाणं मोजायचं असतं, बघत कोण बसतो? रिटायर झाल्यावर बघायला लागलो. चुकलेली नाणी ओळखायला शिकायचं मनात घेतलं, तेही एका नाण्यापायी. ते नाणं माझं नव्हतं. माझ्या ड्रायव्हरचं होतं.

पहिले सहा महिने चाचांनी मला एकाच गोष्टीवर बसवलं. दुहेरी ठसा. मी घरातलं, दुकानातलं, देवळातलं एकेक नाणं उचलून आणायचो, "चाचा, अक्षर दोनदा दिसतंय!" म्हणायचो, आणि चाचा मान हलवायचे. शेवटी एक दिवस त्यांनी शिशाची पट्टी घेतली. तिच्यावर अक्षराचा पंच ठोकला, उचलला, केसभर फिरवला आणि परत ठोकला.

"आता बगा. ही चूक ठशाची. ठसा तयार करतानाच दोनदा उठलंय. ह्या ठशानं लाख नाणी मारा, लाखावर हीच दोन अक्षरं येणार. दोन्ही उठावाची. अक्षराचं टोक बगा, कसं फाटलंय, सापाच्या जिभंगत."

मग दुसऱ्या पट्टीवर पंच मारता मारता त्यांनी हात मुद्दाम हलवला.

"ही चूक ठशाची न्हवं. ठसा बरोबर हाय, पर मशिनीत सैल बसलाय. मारला आनि हलला. अक्षर दोन झालं न्हाय, घासलं. बगा, बारीक झालंय, आनि बाजूला सपाट पायरी पडलीय. तुमी आणता ती सगळी असली."

दोन्ही पट्ट्या भिंगाखाली धरून मी दुपारभर बसलो. खऱ्या चुकीत अक्षर जाड होतं, खोट्या चुकीत रोडावतं. एवढंच. पण हे एवढं एकदा डोळ्यात बसलं की जातच नाही. मला तर दुकानांच्या पाट्यासुद्धा तशाच दिसायला लागल्या.

त्या दिवशी चाचांनी मला एक अट घातली. माझ्या थापांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती.

"कंडक्टर, भिंग डोळ्याला लावलं की दिसंल त्येच बोलायचं. भिंग खाली ठिवलं की मग तुमची गाडी सोडा कुठंबी. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

पुढं त्यांनी एक वेगळी चूक समजावली. कधी कधी टांकसाळीत पडलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून बसतं. खाली दुसरा कोरा तुकडा येतो आणि ठशाऐवजी ते नाणंच त्याच्यावर आपटतं. मग त्या तुकड्यावर चित्र उठतं ते उलटं आणि खोलगट.

मी स्टुलावरनं उठलोच. "चाचा, असलं नाणं माझ्या ड्रायव्हरला गावलं होतं! जुनं दोन रुपयांचं. एका बाजूला भारताचा नकाशा, बरोबर. आनि दुसऱ्या बाजूला सिंह पायजे, तर तिथंबी नकाशाच! उलटा, खोल! गुजरात उजव्या हाताला!"

"कुठं हाय?"

"शिरोळकडं, त्येच्या घरी. देव्हाऱ्यात."

चाचांनी फडक्यानं भिंग पुसलं. "बगून या. असली लई जण घरात करत्यात. दोन नाणी एकमेकावर ठिऊन दाबायची. तुमचं नाणं अकरा कोपऱ्यांचं. टांकसाळीतलं असंल तर उलट्या चित्राचं कोपरं नाण्याच्या कोपऱ्याला जुळणार. घरात दाबलं असंल तर चुकणार. आनि दाबलेल्याच्या खाली जुनं चित्र मेलेलं दिसतंय. सिंहाचा पाय, कान, कायतरी."

मी हसलो. कारण ते नाणं खोटं असणं शक्यच नव्हतं. ते का, हे सांगायचं तर ड्रायव्हरची ओळख करून द्यायला हवी.

आमची जोडी एकोणीस वर्षं टिकली. मी बोलायचो, तो चालवायचा. महापुरात आमची गाडी तरंगत नदीपार गेली आणि मी मागच्या दारातनं गावाच्या नावाच्या पाटीनं वल्हवत होतो, ही गोष्ट मी शिरोळच्या वाटेवर कमीत कमी हजार वेळा सांगितली असेल. गाडी हसायची. मग कुणीतरी पुढं ओरडायचं, "काय ओ ड्रायव्हरसायेब, खरं हाय का ह्ये?" तो मागं न बघता म्हणायचा, "मी म्होरं बघत होतो." त्यानं मला कधी खोटं पाडलं नाही, कधी खरंही ठरवलं नाही. स्वतः तर तो वेळसुद्धा अंदाजानं सांगायचा नाही. गावात भाऊबंदांची भांडणं त्याच्या एका शब्दावर मिटायची.

एकदा एक म्हातारबाबा उतरताना पायरीवरनं पडले. पाय मोडला. लोक म्हणाले, कंडक्टरनं माणूस उतरायच्या आधीच डबल बेल मारली, म्हणून गाडी हलली. चौकशी बसली. मी साहेबांना तासभर सांगितलं की मी घंटी वाजवली नाही. साहेब नुसते माझ्याकडं बघत राहिले. माझ्या बोलण्याची ख्याती तिथंपर्यंत पोचली होती. मग ड्रायव्हरला बोलावलं. तो म्हणाला, "घंटी वाजली न्हाय. कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला." साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि फाइल मिटली. म्हातारबाबा पुढं बरे झाले. माझी नोकरी वाचली.

पण मी गप्प झालो. माझं तासभराचं खरं आणि त्याचं एक वाक्य, यांतला फरक माझ्या छातीवर बसला. दोन महिने मी तिकिटाशिवाय गाडीत एक शब्द बोललो नाही. लोक विचारायचे, "कंडक्टर आजारी हाय काय?" घरी बायको डॉक्टरकडं न्यायला निघाली होती.

आणि मग एका रविवारी, जोतिबाच्या स्टँडवर, त्यानं माझ्या हातात ते नाणं ठेवलं. "नारळवाल्यानं सुट्टं दिलं. बघ गड्या, काय हाय."

त्या दिवशी डोंगर उतरेपर्यंत मी गाडीला उलटा भारत दाखवला. कोल्हापूर पूर्वेला गेलंय, आता आपल्याला जगन्नाथपुरी जवळ आणि मुंबई लांब, म्हणालो. गाडी हसली. कुणीतरी पुढं ओरडलं, "खरं हाय का ओ?" आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मान वळवली. "व्हय. खरं हाय."

माझ्या साऱ्या गोष्टींतली ती एकच खरी. पुढं दरवेळी कुणी विचारलं की तो तेच म्हणायचा. रिटायर होताना मी ते नाणं त्याला परत दिलं आणि त्याच्या बायकोनं, वैनींनी, ते देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवलं. मागल्या वर्षी तो गेला.

वर्षश्राद्धाला मी शिरोळकडं गेलो ते खिशात भिंग घेऊनच. जेवणं झाली, पुढच्या सोप्यात पाहुणे पसरले. ड्रायव्हरचा पुतण्या, कारखान्यात नोकरीला असलेला, जरा फटकळ, माझ्यासमोर येऊन बसला.

"काका, तुमी नाण्यातलं मास्तर झालाय म्हणं. आमच्या चुलत्याचं नाणं बघून सांगा की. गावात अजून वाद हाय. निम्मी म्हणत्यात खरं, निम्मी म्हणत्यात कंडक्टरची बात."

"आन इकडं," मी मोठ्यानं म्हणालो. सगळे ऐकतील असं. "आज निकालच लावतो!"

खरं सांगतो, मला मिरवायचं होतं. त्यानं देव्हाऱ्यातनं नाणं आणलं. हळदकुंकू लागलं होतं, मी ते फडक्यानं टिपलं, कडेला धरलं, भिंग लावलं.

कोपरे जुळत नव्हते. नाण्याचा कोपरा एकीकडं आणि त्यात खोल गेलेला दुसरा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा सरकलेला. उलट्या नकाशाच्या पोटात सिंहाचा पंजा चेपून पडला होता. मी नाणं उलटलं. सुलट्या नकाशाच्या कडेला बारीक आडव्याउभ्या रेघा होत्या, जाळीसारख्या. इतकी वर्षं मी त्याला झीज समजत होतो.

ती जाळी मला चाचांनी शिकवलेली नव्हती. ती मी ओळखत होतो. गाडीच्या जॅकच्या डोक्यावर असते, वरचं लोखंड घसरू नये म्हणून. चिखलात आडवं पडून शेकडो वेळा मी तो जॅक गाडीखाली बसवलाय. त्यानं दोन नाणी एकमेकांवर ठेवून जॅकवर धरली होती आणि आपली सगळी गाडी त्यांच्यावर उचलली होती.

सोप्यातले सगळे पुढं सरकले. बायकासुद्धा आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वैनी त्यांच्या मागं.

मला नाण्याचं काही वाटलं नाही. मला घंटी आठवली. ज्या माणसानं माझ्यासाठी खोटं नाणं केलं आणि भर गाडीत ते खरं म्हणून सांगितलं, तो साहेबांपुढं काय बोलला होता? मी घंटी वाजवली नव्हती. मला पक्कं आठवतं. पण मला महापुरात गाडी तरंगलेलीही पक्की आठवते. पाटीनं वल्हवताना खांदे भरून आले होते, तेही आठवतं.

"काय ओ काका?" पुतण्या म्हणाला.

"असलं नाणं जगात दुसरं न्हाय," मी म्हणालो.

"त्ये न्हाय विचारलं. खरं का खोटं?"

भिंग डोळ्यालाच होतं.

"खरं हाय," मी म्हणालो.

सोप्यात एकदम बोलणं सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, त्यो माणूस कशाला खोटं बोलतोय. पुतण्यानं नाणं दोन्ही हातांनी घेतलं आणि आत देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. आयुष्यात मी एवढ्या थापा मारल्या, पण एवढ्या छोट्या थापेनं असा घाम कधी फुटला नव्हता.

पाहुणे पांगल्यावर मी घरामागच्या परड्यात गेलो. वैनी हौदाजवळ पातेली घासत होत्या. 

"वैनी, मगाशी मी खोटं बोललो. त्ये नाणं टांकसाळीतलं न्हाय. त्येनं केलेलं हाय. जॅकवर दाबून."

"म्हायती हाय मला," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "मुक्कामाची गाडी दारातच असायची. जॅकचा दांडा मीच हाणला. गाडी लई गप झालीया, ह्ये म्हणत व्हतं."

मी हौदाच्या कडेला टेकलो. मग जे विचारायला मी आलो होतो ते विचारलं.

"आनि घंटी? त्या म्हाताऱ्याच्या वक्ताला? त्येबद्दल कधी काय बोलला?"

वैनींनी पातेलं पालथं घातलं.

"त्ये मला काय म्हायती, भावजी. मी न्हवते गाडीत."