चूलबंद आवतण

आक्का गेल्याला आता सव्वा महिना झाला. बातमी आली तेव्हा मी कोल्हापुरात आमच्या दवाखान्यात पत्रांच्या घड्या घालत बसले होते. धर्मादाय दवाखाना, मी तिथली कारकून, गावाहून रोज जाऊन-येऊन. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या, असं सांगणारी ती पत्रं. नवऱ्याचा फोन आला, "आक्का गेली." एवढंच. मी हातातली घडी पुरी केली, पत्र पाकिटात घातलं आणि मग उठले. असं का केलं, ते मला अजून कळलेलं नाही...

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. कागलजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघींनी एका घरात, एका चुलीवर पंचवीस वर्षं काढली. भांडलोही भरपूर. तिचा आवाज असा, की परड्यात बोलली तर वेशीवर ऐकू जावं. भावकीत कुणाकडेही कार्य निघालं, की आवतण द्यायला आक्का ठरलेली. आमच्याकडं आवतणाचे कायदे आहेत. नुसतं 'जेवायला या' म्हटलं तर घरातून एक माणूस जातो. 'चूलबंद' म्हटलं तर त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, लहानथोर सगळी येतात. आणि सकाळी एकदा सांगून भागत नाही. पानं मांडली की पुन्हा घरोघर जाऊन 'चला' म्हणावं लागतं. त्या दुसऱ्या बोलावण्याशिवाय मानी माणूस उंबरा ओलांडत नाही.

चार वर्षांपूर्वी दवाखान्यानं तपासणीसाठी आमचं गाव घेतलं. पत्राचा मजकूर माझा. 'वयाची पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांनी शौचाचा नमुना...' वगैरे. मला तो फार झकास वाटला होता. पत्रं पोस्टानं गेली, आणि एक माणूस फिरकेल तर शपथ! कुणी म्हणालं, चिठ्ठी आली म्हणजे रोग निघाला. शेजारच्या बापूंनी तर पत्र देवाच्या फोटोमागं सारून दिलं. मी घरी येऊन तणतणले, की या लोकांना फुकट दिलेलंसुद्धा कळत नाही. आक्का भाकरी थापत होती.

"आगं, पत्रिका पोस्टानं आली तर आपण लग्नाला जातो व्हय?"

"हे काय लग्न आहे का, आक्का?"

"त्येच की. लग्नात निदान जेवाय तरी मिळतंय. परसाकडंची डबी द्यायला कोण येतंय उठून?"

दुसऱ्या दिवशी तिनं पिवळी पिशवी घेतली. तीत कुंकवाचा करंडा आणि मी आणलेल्या नमुन्याच्या डब्या. माझ्याकडून यादी वाचून घेत ती पुढं, मी मागं. आधी कुंकू लावायची, मग पोरांची, म्हशींची चौकशी, मग डबी हातात. "चूलबंद हाय हं. पन्नाशीच्या फुडची सगळी. म्हातारीला मागं ठेवायचं न्हाय." डबीतल्या काडीनं काय करायचं, ते ती भर सोप्यात, सगळ्या घरादेखत, मोठ्यानं सांगायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माणसं हसायची, आणि एकदा हसल्यावर डबी परत करणं त्यांना जमत नसे. नमुन्यात रक्त सापडलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, पुढं दुर्बिणीनं आतून बघतात, हे मात्र तिनं माझ्याकडून दहादा घोकून घेतलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा प्रत्येक दारात. "झाली का डबी? चला, आणा हिकडं." बापू आत दडून बसले होते. आक्का त्यांच्या पायरीवर बसून राहिली. "बापू, पानं मांडल्यात. तुमी आल्याबिगर पंगत बसायची न्हाय." अर्ध्या तासानं दाराच्या फटीतून एक हात आणि एक डबी बाहेर आली. नेमकं त्यांच्याच नमुन्यात रक्त निघालं. दुर्बिणीतून गाठ दिसली, लहान होती, वेळेत काढली. बापू आज ठणठणीत आहेत, रोज सकाळी आमच्या दारावरून दूध घालायला जातात. मला त्यांच्याकडं बघवत नाही, हेही लिहून टाकते.

कारण ती यादी. ती मी केली होती आणि तीत आमचं घर नव्हतं. आवतणाच्या यादीत स्वतःचं घर कोण लिहितं? आपण यजमान. आक्का तेव्हा अठ्ठावन्नची. सगळ्या गावाला डब्या वाटल्या, गोळा केल्या, दवाखान्यात आमचं कौतुक झालं... आणि तिच्या हातात एक डबी ठेवायचं मला सुचलं नाही. तिलाही नाही. अडीच वर्षांनी ती वाळत चालली तेव्हा मी खोदून विचारलं. म्हणाली, "रक्त जातंय की वरीसभर. मूळव्याध असंल म्हणून ताक पितोय." मी ओरडले. इतकी ओरडले, की थोरले दीर बाहेरून धावत आत आले. मग दुर्बिणीची तपासणी झाली, ऑपरेशन झालं, पण रोग आतड्याबाहेर पसरला होता. 'लवकर कळले तर बरा होतो' हे वाक्य पत्रात मीच लिहिलेलं.

शेवटच्या दिवसांत, तिच्या खाटेशी बसून, मी एकदाचं बोलले. आक्का, यादीत आपलं घर घालायचं राहिलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "आगं, घरच्याला कसलं आवतण?" डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "पर द्यायचं हुतंस." ही दोन्ही वाक्यं माझ्याजवळ आहेत. दुसरं जास्त.

दिवसकार्य उरकल्यावर मी पिवळी पिशवी खुंटीवरून काढली. करंडा होता, आणि तळाशी एक डबी. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर आक्काच्या वाकड्या अक्षरात 'धाकटी'. घरात मला तीच एकटी तशी हाक मारायची. त्या वेळी मी शेहेचाळीसची होते, पन्नाशी यंदा लागली. माझी डबी तिनं तेव्हाच बाजूला काढून ठेवली होती.

त्या डबीची मुदत संपली होती, म्हणून दवाखान्यातून नवी आणली. गावाची यादीही नव्यानं केली. पहिल्या ओळीत आमचं घर : थोरले दीर, माझा नवरा, मी. परवा सकाळी त्या खुंटीखाली उभी राहून करंडा उघडला, कपाळाला कुंकू लावलं, आणि दुसऱ्या बोलावण्याची वाट न बघता डबी घेऊन परसाकडं गेले.