पदराकडे बघणारा राघू

शहापुरात आमच्या घरी आता एकच माग उरला आहे. तो आक्का चालवतात. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या साड्या संकेश्वरच्या एका दुकानात जातात आणि तिथल्या बायका मागतात ती 'राघूची साडी'. प्रत्येक घडीवर हिरव्या राघूचं लेबल चिकटवलेलं असतं. त्याची चोच ज्या बाजूला, त्या बाजूला पदर. गिऱ्हाईक तिकडूनच घडी उलगडतं.

लेबलं छापून देणारा छापखाना यंदा बंद झाला. हाती एकच लेबल राहिलं. कॉम्प्युटरवर करून आणलं, तर आक्का म्हणाल्या, "ह्यो राघू प्लास्टिकचा दिसतोय गं." दुकानदाराने स्पष्टच सांगितलं होतं, राघू नसेल तर सणाचा माल नको. माल परत आला की माग बंद, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

लेबलं घरीच छापायची ठरवून मी कामं वाटली. कागद आणि शाई माझ्याकडे, खळ आक्कांकडे, लाकडी ठोकळा ह्यांच्याकडे. हे उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतात, त्यामुळे ती काळजी नव्हती. सागवानावर पिसांची रेघ न् रेघ उठली. रविवारी दुपारी शाई लावली, कागद ठेवला, वाटीच्या बुडाने घासला आणि उचलला. राघू सुरेख आला होता, पण भलतीकडे बघत होता.

"मी तर हुबेहूब कोरला," हे म्हणाले.

खरंच होतं. फाउंड्रीत पॅटर्न जसा, तसाच माल निघतो. छपाईला उलटा कोरावा लागतो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"लोखंडासंगं डोस्कंबी वतलंस व्हय रं?" आक्का म्हणाल्या.

गठ्ठा सकाळच्या बसनं जायचा होता. नवा ठोकळा तोवर होणं शक्य नव्हतं. आक्कांनी एका साडीची घडी मोडली, पदर डावीकडे घेऊन पुन्हा घडी घातली आणि लेबल ठेवून बघितलं. चोच पदराकडे.

"ऱ्हाऊ दे त्याला तसाच. साड्या फिरवू."

दिवे लागेपर्यंत आम्ही सगळ्या घड्या बदलल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. "आक्का, राघू तोंड फिरवून बसलाय की."

"पदर कुठं हाय बघा."

पलीकडे घडी उलगडल्याची सळसळ ऐकू आली. "पदराकडंच बघतोय. ठेवून घेतो. दिवाळीलाबी ह्योच धाडा, लांबून वळखू येतोय."

आक्का फोन माझ्या हातात देऊन मागावर बसल्या. ह्यांनी उलटा कोरायला घेतलेला दुसरा ठोकळा मी कपाटात ठेवून दिला.