दोन सिलिंडर बंद आणि मागच्या सीटवर संगीता

"तुमची मुलगी मरतेय तात्या, कळतंय का तुम्हाला?"

भर रस्त्यात मी सोपानतात्यांवर अशी ओरडले होते. मागच्या सीटवर त्यांच्या लेकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा.

आज सकाळी तात्या गेले. ऐंशी पार केली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नरसिंहपूरकडच्या एका गावात माझा नवाकोरा दवाखाना. वडिलांनी दिलेली जुनी, कार्बोरेटरवाली गाडी. आणि ती सांभाळणारे तात्या, डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक.

संगीता त्यांची धाकटी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या दिवशी सकाळी माझ्याच दवाखान्यात तिला मुलगी झाली.

पण ब्लीडिंग थांबेना.

इंजेक्शनं दिली. सलाईन लावली. वाटलं, थांबेल. नाही थांबलं. आता रक्त द्यावं लागणार होतं, म्हणजे बारामती गाठायला हवी होती.

तात्या स्टिअरिंगवर. शेजारी त्यांच्या मिसेस, हिराकाकू, मांडीवर बाळ. मागं मी, एका हाताने संगीताचं पोट दाबून धरलेलं, दुसऱ्या हाताची बोटं तिच्या नाडीवर.

इंदापूर मागं पडलं आणि गाडीनं गचका दिला.

मग दुसरा. इंजिन मिसिंग मारायला लागलं. बारक्याशा चढावर गाडी पुढं सरकेना. तात्यांनी ती कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं.

ऊसतोडीचा सीझन. रस्त्यावर नुसते ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या ओढत रांगणारे. एक जीप आली. मी खिडकीतून हात केला. माणसं बाहेर लोंबकळत होती. जीप निघून गेली.

तात्यांनी बॉनेट उघडलं.

काकू रडवेल्या झाल्या होत्या. "आवं, रविवारी तुमीच त्यो कार्बोरेटर खोलला हुता न्हवं?"

खरंच होतं. मी समोर बसून बघितलं होतं.

 तात्या म्हणाले, "व्हय. म्हणून आदी माझंच काम बघतो."

एक-एक स्क्रू तपासला. पाइप तपासला.

"हितं काय चुकल्यालं दिसत न्हाय."

"नक्की?"

"अजून न्हाय सांगता येत."

मग हाताला कोरडं फडकं गुंडाळून ते चालू इंजिनवर प्लगच्या वायरी काढायला लागले. एका वेळी एक.

पहिली काढली, इंजिन मरता मरता वाचलं. बसवली. दुसरी, तसंच.

तिसरी काढली. आवाजात काही फरक नाही.

चौथी. काहीच नाही.

"दोन सिलिंडर बंद हायत. शेवटची दोन."

संगीताने पाणी मागितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. नाडी इतकी बारीक की बोटाखालून निसटत होती.

आणि तात्या शांतपणे इंजिन बंद करून एक प्लग खोलत होते.

तेव्हा मी ओरडले. ते वाक्य.

त्यांनी मान वर केली नाही. "कळतंय, बाई. तुमी तिच्याकडं बघा. मी हिच्याकडं बघतो."

प्लग निघाला. पेट्रोलने ओला.

"पेट्रोल पोचतंय. ठिणगी पोचत न्हाय." ज्या टोपीतून चारही प्लगला करंट जातो, ती डिस्ट्रिब्युटरची टोपी त्यांनी काढली आणि उन्हात धरली. आतून केसाएवढी चीर. त्या चिरेत काजळीची काळी रेघ.

"करंट हितनं पळतोय. ब्लेड द्या तुमचं. आन् स्पिरिट."

ऑपरेशनचं कोरं ब्लेड दिलं. त्यांनी काजळी खरवडली, स्पिरिटने पुसली. मग विचारलं, "नखाला लावत्यात ती बाटली हाय का?"

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पर्समध्ये नेलपॉलिश होतं. गुलाबी. करंट पळायची वाट बुजावी म्हणून त्यांनी ते चिरेवर आतून-बाहेरून लावलं आणि टोपी उन्हात धरून उभे राहिले.

"बसवा की आता!"

"ओलं बसवलं तर परत हितंच उभं ऱ्हाऊ."

किती मिनिटं गेली, आजही सांगता येत नाही. काकूंच्या मांडीवर बाळ रडत होतं. तात्या टोपीवर फुंकर घालत होते.

टोपी बसली. स्टार्टर मारला.

चारही सिलिंडर लागले.

बारामतीत पोचलो तेव्हा संगीता हाकेला जेमतेम ओ देत होती. पहिली बाटली तात्यांच्याच रक्ताची चढली. संध्याकाळी तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, धोका टळला.

तात्या व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

"कार्बोरेटरच निघाला असता तर, बाई? माझ्याच हातनं..."

मी शेजारी बसले. जे कुणालाच सांगणार नव्हते, ते तेव्हा तोंडातून गेलं. "तात्या, मी सकाळी तासभर थांबले. थांबेल, थांबेल म्हणत. तेव्हाच निघायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता शिवी येणार. यायलाच हवी होती.

"माझ्या लेकीचं पोट तुमी सोडलं न्हाय. हात बघा तुमचा."

माझा हात मनगटापासून सुजला होता. मला कळलंच नव्हतं.

मग म्हणाले, "पण पुढच्या बाईच्या टायमाला थांबू नका."

नाही थांबले, तात्या. नंतर एकदाही नाही.

आज सकाळी संगीताचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी बोललोच नाही. नुसत्या रडलो.

तात्या, नीट जा. शेवटचा जय भीम.